बाग आणि तळ्याकाठची फेरी: जॉगिंगसाठी वाट कशी ओळखावी, कशी धावावी

सरळ रस्त्यावर धावायला निघालात तर किती धावायचं हे तुमच्या हातात असतं. दम संपत आला की वळायचं आणि माघारी यायचं. तळ्याभोवतीच्या फेरीत मात्र अंतर तळं ठरवतं. निम्मी फेरी मागे पडल्यावर उलटं फिरण्यात अर्थ नसतो. मध्ये पाणी असल्यामुळे आडवं कापूनही जाता येत नाही. आणि निम्म्याच्या आत असलात तरी फेरी अर्धवट टाकून वळायला मन धजत नाही. नव्याने जॉगिंग सुरू करणारे अनेक जण अशा वाटेवर पहिल्याच आठवड्यात नको तितकं धावून बसतात, त्यामागे हेच कारण असतं. म्हणून या लेखात पायांइतकंच वाटेबद्दलही बोलायचं आहे. फेरी आपल्या मापाची करून घेतली की पुढचं काम बरंच सोपं होतं.

वाट आधी चालून घ्या

पहिल्या दिवशी धावू नका. रोज ज्या वेळेला जॉगिंग करायचा विचार आहे, त्याच वेळेला पूर्ण फेरी चालत मारा. वेळ तीच हवी, कारण पहाटे मोकळी असलेली वाट संध्याकाळी मुलं, सायकली आणि कुत्र्यांच्या साखळ्यांनी भरलेली असू शकते. पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत, स्वच्छतागृह केव्हा उघडतं, फाटकं किती वाजता बंद होतात, कुठले दिवे लागत नाहीत, कोणत्या वळणावर समोरून येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, हे सगळं चालताना नीट कळतं. धावताना यातलं निम्मंही लक्षात येत नाही.

या चालण्यात शोधायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे फेरी मध्येच तोडता येईल अशा जागा: पादचारी पूल, बंधाऱ्यावरून जाणारी वाट, बागेतून आडवी निघणारी पायवाट, रस्त्यावर उघडणारं बाजूचं फाटक. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात लेडी बर्ड लेकच्या काठाने सुमारे १६ किलोमीटरची वाट आहे. सोळा किलोमीटर हा आकडा नवख्याला घाबरवणारा, पण त्या पाण्यावर ठिकठिकाणी पूल आहेत आणि एका पुलावरून जाऊन दुसऱ्यावरून परत आलं की लहान-मोठ्या कितीतरी फेऱ्या तयार होतात. तुमच्या तळ्याला एकच पूल असला तरी तुमच्याकडे एक पूर्ण आणि दोन छोट्या फेऱ्या आहेत असं समजा.

पूल नसेल तर फेरीच्या लांबीवर सगळं अवलंबून. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जलाशयाभोवतीची वाट सुमारे २.५ किलोमीटरची आहे, सिअ‍ॅटलच्या ग्रीन लेकची आतली फेरी सुमारे ४.५ किलोमीटरची आणि हॅम्बुर्गच्या बाह्य आल्स्टर तळ्याची सुमारे ७.४ किलोमीटरची. नवख्यासाठी मी डोळे झाकून पहिल्या मापाची फेरी सुचवेन. दोन-अडीच किलोमीटरच्या फेरीत बाहेर पडायचं फाटक पुन:पुन्हा समोर येतं आणि प्रत्येक वेळी थांबायचं की नाही हे ठरवायची मोकळीक मिळते. सात किलोमीटरचं तळं वाट्याला आलं असेल तर पहिले काही आठवडे फेरी विसरा. काठावरचा सुंदर, सपाट असा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा निवडा आणि त्यावरच जा-ये करा. पूर्ण फेरी मारण्याचा मान नंतर मिळेलच.

अंतर मोजायला फोन किंवा घड्याळ चालेल, पण त्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. दाट झाडीखाली आणि उंच इमारतींजवळ जीपीएसचा संकेत अडतो, परावर्तित होतो आणि नोंदलेली रेघ वाकडीतिकडी होते. त्यापेक्षा फेरीचे पाच-सहा तुकडे पाडा: नावेचा धक्का ते मोठं झाड, मोठं झाड ते पूल, असे. धावताना मन किलोमीटरपेक्षा या तुकड्यांत जास्त सहज रमतं.

जाता जाता एक गंमत. वाटेच्या आतल्या कडेने धावलं की अंतर वाचतं म्हणून काही जण वळणं घासून जातात. बंद फेरीत तुम्ही आतल्या कडेपासून १ मीटर बाहेरून धावलात तर अख्ख्या फेरीत फक्त ६.३ मीटरच्या आसपास अंतर वाढतं, मग तळं केवढंही असो. हे साधं भूमितीचं गणित आहे: त्रिज्या १ मीटरने वाढली की परीघ २π मीटरने वाढतो. तेव्हा बाहेरून जा, समोरचं नीट दिसेल.

सुरुवात कुठून, दिशा कोणती

बहुतेक लोक गाडी लावतात तिथून किंवा मुख्य फाटकातून सुरुवात करतात आणि सगळे जिकडे जातात तिकडे वळतात. जरा विचार केला तर याहून चांगली निवड करता येते.

आधी नियम बघा. काही वाटांवर दिशा ठरवून दिलेली असते. सेंट्रल पार्कच्या जलाशयाभोवती धावणाऱ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जावं अशी सूचना आहे. व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कला वळसा घालणाऱ्या समुद्रकाठच्या वाटेवर सायकलींना एकाच दिशेने जायची परवानगी आहे, तीही घड्याळाच्या उलट. शिकागोत सरोवराच्या काठाने जाणाऱ्या सुमारे २९ किलोमीटरच्या वाटेवर सायकली आणि पायी चालणारे-धावणारे यांच्या वाटा वेगळ्या करण्याचं काम २०१८ मध्ये पूर्ण झालं. असे पट्टे आखलेले असतील तर पायी चालणाऱ्यांच्या पट्ट्यातच राहा. सायकलवाल्याला तुम्ही कुठे वळणार हे कळत नाही, आणि पाण्याकडे बघत धावणारा माणूस कुठे वळेल हे त्याला स्वत:लाही ठाऊक नसतं.

नियम नसेल तर वाऱ्याला विचारा. मोठ्या तळ्याजवळ दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि पाण्यावरचा गार वारा काठाकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो. लहान तळ्यावर हा परिणाम नगण्य असतो. तिथे शहरात त्या ऋतूत जिकडून वारा वाहतो, तोच पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागावरून अडथळा न येता अंगावर येतो. फेरीचा एक भाग वाऱ्याच्या विरुद्ध जाणारच. थंडीत तो भाग आधी येईल अशी दिशा घ्या, म्हणजे घामाने भिजल्यावर गार वारा छातीवर येणार नाही. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट करा. पाठीमागून वारा आला की तो तुमच्याच वेगाने तुमच्यासोबत चालतो, अंगाला लागतच नाही आणि घाम वाळत नाही. शरीर तापलेलं असताना शेवटच्या टप्प्यात समोरून वारा मिळाला तर उलट बरं वाटतं.

उन्हाचंही तसंच. झाडांची सावली फेरीच्या उत्तरार्धात यावी. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना पाण्यावरून येणारी तिरीप डोळ्यांत शिरते. तो काठ अशा दिशेने पार करा की सूर्य पाठीशी किंवा बाजूला राहील.

आणखी एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून काठाच्या वाटा बहुधा एका बाजूला उतरत्या असतात. रोज एकाच दिशेने धावलात तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो आणि त्या बाजूचा घोटा, गुडघा, खुबा यांवर वेगळा ताण येत राहतो. परवानगी असेल तिथे एक दिवसाआड दिशा बदला. परवानगी नसेल तर वाटेचा जास्तीत जास्त सपाट पट्टा शोधून त्यावरून जा.

पायाखाली काय आहे

एका फेरीत बारीक खडीची वाट, डांबर, काँक्रीट, फरशा आणि लाकडी फळ्या असं सगळं लागू शकतं. काँक्रीटवर धावलं की गुडघे जातात, हे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात जमीन कडक झाली की शरीर पायाचा ताठरपणा कमी करतं, मऊ झाली की वाढवतं, आणि हा बदल नव्या जमिनीवरच्या पहिल्या पावलापासूनच होतो. कडक जमिनीपेक्षा अचानक वाढवलेलं अंतर जास्त दुखवतं. कालपर्यंत मातीवर धावत होतात आणि आजपासून सगळं डांबरावर, असा बदल मात्र करू नका, हळूहळू करा.

खरी काळजी घ्यायची ती जिथे पाय घसरतो किंवा अडकतो तिथे. पाण्यावर बांधलेल्या लाकडी फळ्या दव किंवा पावसाने ओल्या झाल्या की काचेइतक्या निसरड्या होतात. सावलीतल्या फळ्यांवर शेवाळ धरतं आणि ते नेहमी हिरवं दिसेलच असं नाही. अशा ठिकाणी पावलं आखूड करा, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, वळण घेऊ नका आणि शंका आली तर सरळ चाला. जुन्या झाडांची मुळं डांबर उचलतात. ती जागा चालून बघितली असेल तर संधिप्रकाशातही आठवते. खडीच्या वाटेवर कडेला खडी सैल असते, मध्ये दबलेली असते. डांबराच्या आणि मातीच्या सांध्यावर बोटभर उंचीचा फरक असला तरी घोटा मुरगळायला तेवढा पुरतो.

बुटांचं फार मनावर घेऊ नका. पायात आरामशीर बसणारे, पुढे अंगठ्याला थोडी मोकळी जागा देणारे धावण्याचे बूट पुरेत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यांचा तळ बसायला लागतो. अंधारात धावत असाल तर प्रकाश परावर्तित करणारा पट्टा आणि छोटा दिवा हवा. किल्ली, थोडे पैसे, फोन आणि खिशात आपलं नाव व घरच्या कुणाचा तरी नंबर लिहिलेला कागद, एवढं सामान बस्स. कानात गाणी लावायचीच असतील तर एक कान मोकळा ठेवा.

पहिली धाव: जितकी हळू वाटते त्याहूनही हळू

जॉगिंग म्हणजे हळू धावणं, आणि हे हळूपणच तिचं बळ आहे. न्यूझीलंडमधले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये सामान्य, मध्यमवयीन माणसांना, अगदी हृदयविकार झालेल्यांनाही, सावकाश धावायला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. नावाजलेल्या धावपटूंचे हे गुरू तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि त्या हौशी मंडळींसोबत धावताना मागे पडले. परत गेल्यावर त्यांनी ओरेगॉनमध्ये हीच पद्धत रुजवली.

वेग बरोबर आहे का हे बघायची कसोटी सोपी आहे: धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. एकटेच असाल तर समोर दिसेल त्याचं पुटपुटत वर्णन करा. लोक बघतील, बघू देत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी कष्ट मोजायला ६ ते २० अशी पट्टी केली होती. तिच्यावर ११ ते १३ म्हणजे ‘सोपं’ ते ‘थोडं जड’. तिथेच राहायचं. घड्याळावरचे नाडीचे ठोके बघायचे असतील तर लक्षात ठेवा, २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चाही फरक असू शकतो. बोलण्याची कसोटी त्यापेक्षा भरवशाची.

आता प्रत्यक्ष धाव. आधी ५ ते १० मिनिटं भरभर चाला. धावण्याआधी उभं राहून पाय ताणत बसायची गरज नाही, चालण्यानेच स्नायू तापतात. मग १ मिनिट जॉगिंग, २ मिनिटं चालणं, असं आलटून पालटून साधारण २० मिनिटं. आठवड्यातून तीनदा, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. दोन आठवड्यांत हे सोपं वाटलं तर २ मिनिटं धावणं आणि २ चालणं, त्यानंतर ३ आणि १. घाई नसेल तर दोन ते तीन महिन्यांत सलग अर्धा तास धावणं अनेकांना जमतं. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा.

या वाटेवर मिनिटं मोजण्यापेक्षा खुणा वापरणं मला जास्त आवडतं. बाकापासून दिव्याच्या खांबापर्यंत धाव, पुढच्या बाकापर्यंत चाल. आणि चालायचे तुकडे मुद्दाम तिथे ठेवा जिथे तळं सगळ्यात छान दिसतं. धावताना नजर ८-१० मीटर पुढच्या जमिनीवर असायला हवी. पाण्यावरचा बगळा बघायचा मोह होतोच, तेव्हा तो चालतानाच बघून घ्या. फोटो काढायचा असेल तर आधी मागे बघा, कडेला व्हा, मग थांबा.

शरीराच्या ठेवणीबद्दल थोडकंच. खांदे सैल, मुठी आवळलेल्या नकोत, पावलं आखूड. मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका; तो आकडा स्पर्धेत वेगाने पळणाऱ्या धावपटूंच्या निरीक्षणातून आला आहे. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, खोल श्वास घेऊन तो सावकाश पूर्ण बाहेर सोडा आणि दुखऱ्या जागी हाताने दाब द्या. भरल्या पोटी धावलं की ती हमखास येते. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या.

वाट सगळ्यांची आहे

ज्या बाजूने चालायचा रिवाज आहे त्या बाजूने धावा. कुणाला ओलांडताना दोन-तीन पावलं आधी आवाज द्या. नुसता बुटांचा आवाज पुरत नाही, विशेषत: समोरच्याच्या कानात गाणी असतील तर. दोघं-तिघं मिळून धावत असाल तर अरुंद जागी एकामागे एक व्हा. लहान मुलाजवळून जाताना ते कुठल्याही क्षणी तुमच्या पायात येणार असंच धरून चाला. मोकळा कुत्रा मागे लागला तर पळू नका; धावणं थांबवा, त्याच्या डोळ्यांत रोखून न बघता हळूहळू चालत लांब व्हा. पाण्याकाठी पिल्लं घेऊन बसलेल्या हंस-बदकांना लांबून वळसा घाला. पिल्लांजवळ गेलात तर मोठे पक्षी अंगावर धावून येतात.

पाणी, ऊन, वीज

तासाभराच्या आतल्या जॉगिंगसाठी बाटली हातात घेऊन पळायची गरज सहसा नसते. तहान लागली की प्या, नळावर थांबा. जबरदस्तीने लिटरभर पाणी ढोसणंही चांगलं नाही, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. उन्हाळा सुरू होताना शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवा. तळ्याकाठी हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, म्हणून तापमापकावरच्या आकड्यापेक्षा अंगाला काय वाटतं ते बघा.

तळ्याचं पाणी तोंडावर मारू नका. उष्ण, संथ पाण्यावर हिरव्या रंगाचा तेलरंगासारखा थर दिसला तर ते नील-हरित शेवाळ असू शकतं आणि त्यातले काही प्रकार विषारी असतात. सोबत कुत्रा असेल तर त्याला त्या पाण्यापासून दूर ठेवा. कुत्री अंगाला लागलेला थर चाटतात आणि दगावतात.

गडगडाट ऐकू आला की फेरी तिथेच सोडा. मोकळ्या काठावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, आणि झाडाखाली थांबणं त्याहून वाईट. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. फेरी तोडायच्या जागा आधी शोधून ठेवल्याचा फायदा अशा वेळी कळतो.

छातीत दुखणं किंवा दाब, हात किंवा जबड्याकडे पसरणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर फेरी पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. थांबा, कुणाला तरी हाक मारा, तातडीची मदत बोलवा. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असेल किंवा वर्षानुवर्षं व्यायाम झाला नसेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

धाव संपताना आणि पुढचे आठवडे

शेवटचा तुकडा कायम चालण्यासाठी राखून ठेवा. धावत येऊन एकदम उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येऊ शकते. ५ मिनिटं चालल्यावर तळ्याचा कठडा धरून पोटऱ्या ताणा: एक पाय मागे, टाच जमिनीवर टेकलेली, २०-३० सेकंद, दोन्ही पायांना. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटले तर ते ठीक. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल, खास करून नडगीवर, आणि धावताना ते वाढत असेल, तर काही दिवस फक्त चाला. तरीही कमी झालं नाही तर दाखवून घ्या.

एक फेरी आरामात होऊ लागली की लगेच दुसरी पूर्ण फेरी जोडायचा मोह होतो. अडीच किलोमीटरवरून पाच म्हणजे एकदम दुप्पट. इथे पुन्हा त्या आडवाटा कामाला येतात. पहिल्या फेरीनंतर पुलापर्यंत जाऊन परत या. दोन आठवड्यांनी पुलाच्या पुढच्या खुणेपर्यंत जा. अंतर वाढवलेल्या आठवड्यात वेग वाढवू नका. आठवड्यातल्या तीनपैकी एकाच दिवशी लांब जा, बाकी दोन दिवस जुनीच छोटी फेरी पुरे.